मिरीला दम लागलाय

दवाखान्यात भेटायला गेल्यावर पेशंटला काय विचारायचं, हे मला उभ्या जन्मात कळलेलं नाही. ‘कसं वाटतंय’ म्हणावं, तर समोरच्याच्या नाकात नळी. म्हणून त्या संध्याकाळी मी सुमनवहिनीला काही विचारलंच नाही. मोबाइल काढला आणि सकाळी अंगणात घेतलेला मिरीचा व्हिडिओ तिच्यापुढे धरला. मिरी म्हणजे तिची कुत्री. काळी कुळकुळीत, शिडशिडीत, मिऱ्याच्या दाण्यासारखी, म्हणून मिरी. मिरी अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते, एवढाच तो व्हिडिओ. वहिनीनं तो परत परत बघितला. मिरीच्या तोंडाकडे नाही, हलणाऱ्या शेपटीकडे नाही, मागच्या डाव्या पायाकडे. मग मोबाइल उशाशी ठेवला आणि म्हणाली, “वन्सं, मी गेले की तेराव्यापर्यंत घरात डबे येतील. मिरीला त्यातलं काही घालू देऊ नका.”

मला रडू यायला लागलं की मी भडकते. माझं हे आईवर गेलंय. दिवेलागणीच्या वेळेला असलं अभद्र बोलायचं नाही, तुला काही होत नाही, आणि झालंच तर तुझ्या कुत्रीचं जेवणखाण बघायला मी रिकामी नाही, असं सगळं मी एका दमात बोलून टाकलं. वहिनी नुसती हसली. तिला हसायलाही श्वास पुरत नव्हता… त्याच आठवड्यात पहाटे दादाचा फोन आला. “मंगे,” एवढंच म्हणाला माझा भाऊ. पुढचं त्यानं सांगायची गरजच नव्हती.

आता हे सगळं लिहायला बसले आहे, तर आधी आमचं नातं सांगायला हवं. सुमनवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. ती लग्न होऊन आमच्या वारज्याच्या घरात आली, तेव्हा मी शाळेत होते आणि वारजे हे गाव होतं. आज तिथे बिल्डिंगांमधून आभाळ शोधावं लागतं, पण तेव्हा आमच्या दारातून कालव्यापर्यंत नजर जायची. वहिनी माहेरी खो-खो खेळायची. नुसती खेळायची म्हणजे गल्लीत नव्हे. तिच्या शाळेच्या संघाची ती कप्तान होती आणि ट्रंकेत साड्यांच्या तळाशी तिनं एक मेडल ठेवलं होतं. हे मला ठाऊक, कारण तिच्या ट्रंकेत काय काय आहे हे बघणं हा मी नणंद म्हणून माझा हक्कच समजत होते. मी पकडली गेले, तेव्हा ती रागावली नाही. पलंगाच्या कडेला बसून पायातली जोडवी फिरवत म्हणाली, “खांबाला वळसा मारताना वारा कानात कसा वाजतो, ठाऊक आहे का तुम्हाला, वन्सं?”

एकदा आमचं एक वासरू दावं तोडून कालव्याकडे सुटलं. गडी माणसं ‘अरे धरा, धरा’ करत उभी. वहिनीनं पदर खोचला आणि सुटलीच. मला अजून दिसतं ते… वासरू डावीकडे, तर ती आधीच डावीकडे. ते उजवीकडे, तर ती उजवीकडे. आणि शेवटी तिनं जमिनीवर लांबलचक झेप घेऊन तुटक्या दाव्याचं टोक पकडलं.  आमची आई ओट्यावर उभी होती. आई वाईट नव्हती, पण सासू होती. ती म्हणाली, “वासरू धरलंस, झाक केलंस. पण पुन्हा सगळ्यांच्या देखत धावू नको.” वहिनीनं मान डोलावली आणि अंग झटकून स्वयंपाकघरात गेली. त्यानंतर मी तिला कधी धावताना पाहिलं नाही. माझं लग्न होऊन मी बुधवार पेठेत आले, तिची मुलगी मोठी होऊन नाशिकला नांदायला गेली, आई गेली, शेत गेलं, शेताच्या जागी बिल्डिंगा आल्या, वहिनीचे केस पिकले; बाई चालत राहिली, हळू, पदर सावरून.

मिरी घरात आली ती शेजारच्या बांधकामावरून. खडीच्या ढिगाआड केकाटत असलेलं पिल्लू वहिनीनं उचलून आणलं. दादा म्हणाला, “आता ह्ये कशाला?” वहिनी म्हणाली, ठेवू दोन दिवस. आमच्याकडे ‘दोन दिवस’ म्हणून आलेली कोणतीही वस्तू परत गेल्याचं मला आठवत नाही. पिल्लू वाढलं, पण पळता पळता मध्येच मागचा डावा पाय वर उचलून तीन पायांवर लंगडी घालायचं. म्हणून वहिनी तिला घेऊन डॉक्टर तबस्सुमकडे गेली. ही जनावरांची डॉक्टर. कॅम्पातल्या जुन्या घरातली मुलगी, तोंडानं फटकळ आणि हातानं मऊ. तिनं सांगितलं की मिरीच्या गुडघ्याची वाटी जन्मापासून सैल आहे, मधूनच सरकते. मांडी भरलेली राहिली आणि अंग हलकं राहिलं तर वाटी जागेवर राहील. वजन वाढलं तर पाय जाईल. औषध असं नाही. रोजची मेहनत हेच औषध.

या तबस्सुमचा दर रविवारी गावाबाहेरच्या एका मैदानावर कुत्र्यांचा वर्ग असायचा. ॲजिलिटी म्हणतात त्याला. कुत्र्यानं ओळीनं अडथळे पार करायचे: आडव्या काठ्यांवरून उडी, कापडी बोगद्यातून आरपार, उतरत्या फळीवरून चढउतार, आणि रांगेत रोवलेल्या खांबांमधून नागमोडी पळत जायचं. मालकानं बाजूनं धावत नुसत्या हातानं आणि आवाजानं वाट दाखवायची, कुत्र्याला हात लावायचा नाही. डॉक्टरांनी वहिनीला सहज म्हणून बघायला बोलावलं. वहिनी कुंपणाशी उभी राहून त्या खांबांमधून नागमोडी जाणाऱ्या कुत्र्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, “अगं बाई, ही तर साखळी.” खो-खोत पळणारा गडी बसलेल्या खेळाडूंच्या मधून असाच आतबाहेर करत जातो, त्याला साखळी म्हणतात. डॉक्टर म्हणाल्या, काकू, हिला एवढ्यात उडी नाही. आधी वर्षभर पाय तयार करा, मग बघू.

आणि मग आमच्या वहिनीनं त्या कुत्रीच्या पायाचा असा ध्यास घेतला, की विचारू नका. ऊन चढायच्या आत फिरणं. उशीर झाला तर आधी स्वतःचा पालथा हात डांबरावर ठेवायची. हाताला सोसलं तरच कुत्रीचे पंजे रस्त्यावर. टेकडीची चढण, पण पळत नाही, एकेक पाऊल टाकत. त्यानं मांडी भरते म्हणे. अंगणात बांबू आडवे मांडून त्यावरून संथ चालवणं. खेळायच्या आधी अंग मोकळं करायला फेऱ्या, खेळून झालं की दम उतरायला फेऱ्या. नखं वाढू द्यायची नाहीत, नाहीतर वळताना पाय घसरतो. आठवड्यातून एक दिवस नुसता आराम, त्या दिवशी मिरीनं कितीही लाडीगोडी लावली तरी नाही म्हणजे नाही. आणि रोज सकाळी चहाच्याही आधी बरगड्या बघायच्या. ती मला शिकवायची. आपल्या तळहातावर बोटं फिरवा, हाड लागतं का? नाही. कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या तर ते जाड. मूठ वळा आणि गाठींवरून बोटं फिरवा. असं टोचलं तर ते उपाशी. आता हात सपाट ठेवा आणि मागच्या बाजूनं फिरवा… हां, एवढ्या लागल्या पाहिजेत. मी म्हटलं, वहिनी, आमच्या घरात या हिशेबानं एकही माणूस पास होणार नाही.

पण खरी लढाई टेकडीवर नव्हती, फाटकाशी होती. आपल्याकडे दारात आलेल्या जनावराला काहीतरी घातल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. कुणी चपातीचा पापुद्रा देतं, कुणी मोदक, कुणी सणाची पुरणपोळी; आणि मिरी अशी नजर लावून बसायची की जणू महिनाभर अन्न पाहिलं नाही. शेवटी मी बुधवार पेठेतून एक पाटी रंगवून आणली: ‘कुत्रीस खाऊ घालू नये. ती जेवलेली आहे. तोंड पाहून फसू नये.’ वहिनीला ही पाटी फार उद्धट वाटली, पण तिनं ती लावली. एवढं करूनही सगळ्यात मोठा चोर घरातच होता. दादा ताटातली भाकरी मांडीखाली धरायचा आणि वहिनीची पाठ वळली की तुकडा खाली जायचा. वहिनीला ते कळायचं. ती मिरीच्या संध्याकाळच्या वाटीतून तेवढं काढून टाकायची आणि नवऱ्याला काही बोलायची नाही. मी विचारलं तर म्हणाली, त्यांना माया दाखवायची दुसरी रीत येत नाही.

वर्षभरानं डॉक्टरांनी मिरीच्या मांड्या चाचपल्या आणि ठेंगण्या उड्यांना परवानगी दिली. मग त्याच मैदानावर कुत्र्यांची स्पर्धा भरली. आदल्या दिवशी वहिनीनं कॅनव्हासचे पांढरे बूट आणले, स्पर्धेच्या सकाळी साडीऐवजी पंजाबी ड्रेस घातला, आणि निघताना आईच्या फोटोसमोर हात जोडले. “आई, आज सगळ्यांच्या देखत धावणारे,” असं म्हणाली. मी मागे उभी होते; मला वाटतं तिला ते ठाऊक नव्हतं. मैदानावर सगळी तरुण मंडळी, कॉम्प्युटरवाली, परदेशी जातींची देखणी कुत्री आणि इंग्रजीत हुकूम. आमच्या मिरीला एकच हुकूम कळायचा. वहिनी रेषेवर वाकली, मिरीच्या पाठीला हलकेच हात लावला आणि ओरडली, “खो!” …आणि सुटल्या की हो दोघी. मिरी खांबांतून नागमोडी, आणि वहिनी बाजूनं तश्शीच, कमरेत वाकून, हात पुढे, पिकल्या केसांची वेणी पाठीवर उडतेय. मला कालव्याकडे सुटलेलं वासरू आठवलं. दादा छत्री घेऊन खुर्चीत बसला होता. शेजारच्या मुलानं त्याला विचारलं, काका, यातलं तुमचं कोणतं? दादा म्हणाला, “त्या काळ्या कुत्रीसंगं पळतीय ना, ती आमची मंडळी हाय.” नंबर वगैरे काही आला नाही. एक काठी मिरीनं पाडलीच. पण परतताना गाडीत वहिनी गुडघ्यावरचा मैदानातला चिखल पुसेना. तसाच वाळू दिला.

त्यानंतर दोन-तीन स्पर्धा झाल्या. नंबर कधीच आला नाही आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मी रविवारी बस धरून वारज्याला जायची आणि आम्ही तिघी टेकडी चढायचो. निम्म्या वाटेवर एक सपाट दगड आहे. गेल्या वर्षापासून वहिनी त्या दगडापाशी थांबायला लागली. “थांबा वन्सं, मिरीला दम लागलाय,” म्हणायची. मिरी पुढे जात असली तर तिला हाक मारून बसवायची आणि स्वतः दगडावर टेकायची. मलाही गुडघ्यांमुळे बरंच वाटायचं. मी पदरानं वारा घेत गावातल्या चहाड्या सांगायची. पुढे पुढे ते थांबणं लांबत गेलं. मी एकदा म्हटलंसुद्धा, एवढी खेळाडू कुत्री, आणि हिचा दम लवकर कसा तुटतो गं? ती म्हणाली, वय होतंय तिचं. मला ते पटलं. कुत्रीचा दम, कुत्रीचा पाय, कुत्रीच्या बरगड्या. आमच्या बोलण्यात सगळं कुत्रीचंच असायचं. काखेत कळसा म्हणतात, तो हा. वहिनीच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती, आणि तिनं ते हृदयाच्या डॉक्टरांना दाखवलं तेव्हा त्यांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं.

ती गेली आणि घरात चूल बंद झाली. पहिल्या दिवशी सोयऱ्यांनी कडू घास म्हणून पिठलं-भाकरी आणली, आणि मग वहिनी म्हणाली होती तसे डबे सुरू झाले. सकाळ-संध्याकाळ. भात, आमटी, चपात्या, तुपाची खिचडी, समोरच्या बिल्डिंगमधून इडल्या. माणसं चांगली हो, काय वाईट म्हणावं त्यांना? पण घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता आणि अन्न तर टाकायचं नाही. मिरी वहिनीच्या खाटेखाली पुढच्या पायांवर तोंड ठेवून पडलेली. आलेला प्रत्येक माणूस आधी फोटोला नमस्कार करायचा, मग वाकून खाटेखाली बघायचा, त्याचे डोळे भरून यायचे आणि तो डब्यातलं काहीतरी मिरीपुढे ठेवायचा. मी पहिल्यांदा हात आडवा घातला, तेव्हा आमच्या शांताकाकू म्हणाल्या, “अडवू नकोस मंगल. सुमनचा जीव हिच्यात होता. हिच्या तोंडी गेलं की तिला पोचलं.” सगळ्यांनी माना डोलावल्या.  शोकाच्या घरात ‘कुत्रीचं वजन वाढेल’ म्हणून कसं ओरडायचं? मी पाच जणांना अडवलं तर सहावा मागच्या दारानं यायचा. फाटकावर पाटी होती. पण डोळ्यांत पाणी असलेला माणूस पाटी वाचत नाही. तेराव्याला गोडाचं जेवण झालं, बुंदीचे लाडू झाले, त्यातलेही वहिनीला ‘पोचले’.

तेरावा झाला, पाहुणे गेले, तरी हे थांबलं नाही, कारण आता दादा होता. त्यानं वहिनीचं ताट मांडायला सुरुवात केली होती. आपल्या शेजारी, रोज, दोन्ही वेळा. त्यात वाढायचा, थोडा वेळ थांबायचा आणि मग ते ताट मिरीपुढे सरकवायचा. मी हे पाहिलं आणि बोलायचं धैर्य झालं नाही. माझ्यासारखीचं, ध्यानात घ्या. मग एके दिवशी सकाळी मिरी ओट्याच्या पायरीवरून उतरताना किंचाळली आणि तीन पायांवर उभी राहिली. डावा पाय पोटाशी. तबस्सुम घरी आली. तिनं मिरीच्या बरगड्यांवर हात ठेवला, बोटं रुतवली. मग म्हणाली, “काकूंना जाऊन किती दिवस झाले, आणि तुम्ही हे केलंत?” वजन उतरवा, चालवा, नाहीतर ही पुन्हा चार पायांवर चालणार नाही, असं सांगून ती गेली. जाताना फाटकाशी उभी राहून रडली, ते मी खिडकीतून पाहिलं.

त्या दुपारी दादानं पुन्हा दोन ताटं घेतली. मी वहिनीचं ताट उचललं. तो म्हणाला, ठेव ते. मी म्हटलं, नाही ठेवत. तो माझ्याकडे असा बघायला लागला, की लहानपणी मी त्याच्या विट्या लपवल्या तेव्हाही तसं बघितलं नव्हतं. “आयुष्यभर तिनं मला वाढलं,” तो म्हणाला. “मी कधी एकदा तिला वाढलं न्हाई. आता वाढतोय, तर तू ताट वडतीस व्हय?” …माझा सगळा राग जिरला. मी खाली बसले आणि त्याला दवाखान्यातली ती संध्याकाळ सांगितली. व्हिडिओ, डावा पाय, डबे. कुणालाच सांगितलं नव्हतं तोवर. जाणाऱ्या माणसाचे शेवटचे शब्द असे असतात, हे सांगायची लाज वाटली होती. दादा ऐकत राहिला. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “म्हंजी तिला आमी समदे ठाऊक व्हतो.” आणि तो रडला, स्मशानात रडला नव्हता तसा. मिरी लंगडत त्याच्यापाशी आली. त्यानं हात भाकरीकडे नेला आणि मागे घेतला. मग तो हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि तसाच ठेवून बसला.

तेव्हापासून मी आठवड्यातले बरेच दिवस वारज्यालाच असते. मिरीचं जेवण आता वाटीनं मोजून मीच घालते. तबस्सुमनं सांगितलं तसं आधी नुसतं अंगण, मग बांबू, मग सपाट रस्ता. पालथा हात डांबरावर ठेवायचं काम दादाचं. त्याला खाली वाकायला त्रास होतो, पण ते काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नाही. स्पर्धेचं नाव कुणी काढत नाही. मिरी पुन्हा उड्या मारेल की नाही, सांगता येत नाही, आणि मारल्या तरी तिच्या बाजूनं धावणार कोण? वहिनीचे पांढरे बूट दारामागे आहेत. नाशिकची लेक न्यायला निघाली होती. दादानं नेऊ दिले नाहीत.

गेल्या रविवारी डॉक्टरांनी टेकडीला परवानगी दिली. आम्ही तिघं निघालो, अगदी संथ. मिरी चारही पाय टेकत पुढे चालली होती. त्या सपाट दगडापाशी आलो आणि ती आपणहून थांबली. बसली. मला वाटलं, पाय दुखावला. मी तिच्या मांडीवर हात फिरवला, गुडघा पाहिला, वाटी जागेवर होती. तोंड पाहिलं… तोंड मिटलेलं. जीभ बाहेर नाही, धाप नाही, काही नाही. कान ताठ, आणि नजर त्या रिकाम्या दगडावर. दादानं पट्टा जरासा ओढला, “चल गं, चल.” ती उठली नाही. आणि मला एकदम कळलं. वर्षभर हिला या दगडापाशी कधी दम लागलाच नव्हता.

मी दादाला म्हटलं, “ओढू नकोस. वहिनीला इथं दम लागायचा.” दादानं पट्टा सैल सोडला. आम्ही दोघं दगडाच्या बाजूला उभे राहिलो. दगडावर कुणीच बसलं नाही. खाली वारजे होतं, गाड्यांचा आवाज वर येत होता. मी मिरीच्या बरगड्यांवर हात ठेवला, वहिनीनं शिकवला तसा. अजून पुरत्या लागत नाहीत, पण लागायला लागल्यात. मिरी दगडाकडे बघत बसली होती. वहिनीला शेवटी शेवटी जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ ती बसली. मग आपणहून उठली आणि चढायला लागली.